कांदा आपला, गिऱ्हाईक बांगलादेशचं. मग व्यवहार बिघडला कुठे?

बेळगाव : कांद्यावरची निर्यातबंदी मे २०२४ मध्ये उठली. राहिलेलं निर्यात शुल्कही १ एप्रिल २०२५ पासून शून्यावर आलं. म्हणजे कागदोपत्री रस्ता मोकळा झाला. तरीही बांगलादेशची मागणी पूर्वीसारखी परतली नाही. २०२५ मध्ये तर त्या देशाने अनेक महिने भारतीय कांद्यासाठी आयात परवानेच दिले नाहीत. नाशिक, अहिल्यानगर, सोलापूरच्या कांदा उत्पादकांचा सवाल साधा आहे : दार उघडलं, पण गिऱ्हाईक गेलं कुठे?

नातं जुळलं कसं?

बांगलादेश हा बरीच वर्षं भारतीय कांद्याचा सर्वात मोठा खरेदीदार होता. कारण सरळ आहे, अंतर. नाशिकहून निघालेला ट्रक पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर किंवा हिली नाक्यावरून थेट पलीकडे उतरतो. तुर्कस्तान किंवा इजिप्तचा कांदा मागवायचा तर जहाजाला कित्येक दिवस लागतात आणि भाडंही वाढतं. मे २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे ट्रक अडले, तेव्हा लासलगाव भागातून कांदा भरून रेल्वेगाड्या थेट बांगलादेशातल्या दर्शना स्थानकापर्यंत गेल्या होत्या. दोघांनाही एकमेकांची गरज होती.

खरी अडचण महिन्यांची

आपला उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चाळीत साठवला जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चाळी रिकाम्या होत येतात. नवा लाल कांदा पावसाने लांबला की दर भडकतात. बांगलादेशचं मुख्य पीक मार्च-एप्रिलमध्ये येतं. साठवणुकीची सोय अपुरी असल्याने बराच माल सडतो आणि तिथेही तुटवडा पडतो तो याच सप्टेंबर ते डिसेंबरच्या काळात.

थोडक्यात, त्यांना कांदा सर्वात जास्त हवा असतो तेव्हाच आपल्याकडे तो सर्वात महाग असतो. शहरातला ग्राहक ओरडतो, निवडणुका जवळ असतात आणि दिल्लीचा पहिला हात निर्यातीवर पडतो.

तारखा काय सांगतात?

२९ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने निर्यातबंदी केली. बांगलादेशात कांद्याने किलोला २०० टक्यांचा टप्पा ओलांडला, विमानाने कांदा आणावा लागला. तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आल्या असता, आपण स्वयंपाक्याला कांदा न वापरण्याची सूचना दिल्याचं त्यांनी हसत हसत सांगितलं. निदान आधी कळवा, एवढाच त्यांचा आग्रह होता.

पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा अचानक बंदी आली. सीमेवर ट्रकांच्या रांगा अडकल्या, गोण्यांतला माल सडला.

१९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरलं आणि ८ डिसेंबरला पूर्ण बंदी झाली. मार्च २०२४ मध्ये बांगलादेशला ५० हजार टन कांदा देण्याची परवानगी मिळाली, पण तीही सरकारी मार्गाने, नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्समार्फत.

गिऱ्हाईकाने काय केलं?

जे कुणीही केलं असतं तेच केलं. एकाच दुकानावर अवलंबून राहणं बंद केलं. म्यानमार, पाकिस्तान, चीन, तुर्कस्तान, इजिप्त इथून माल मागवून पाहिला. दुसरीकडे घरचं उत्पादन वाढवायला सुरुवात केली. हंगामाबाहेरचा कांदा घेण्यासाठी तिथल्या सरकारने शेतकऱ्यांना जे बियाणं वाटलं, त्यात एन-५३ हे वाण आहे. एन म्हणजे नाशिक!

आता धोरण असं, की घरचा कांदा बाजारात असेपर्यंत आयात परवाना द्यायचा नाही आणि दर भडकले की द्यायचा. तिथल्या शेतकऱ्याला भाव मिळावा हा त्यामागचा हेतू. काल आपण ग्राहकासाठी दार बंद करत होतो, आज ते शेतकऱ्यासाठी बंद करतात. ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना सरकार गेल्यावर दोन्ही देशांचे संबंध ताणले गेले, त्याचीही यात भर पडली. पण कांद्याचा विश्वास त्याच्या आधीच उडाला होता. नागपुरी संत्र्याचीही तीच गत. बांगलादेशने त्यावरचा आयात कर २०१९ ते २०२३ या काळात चौपटीहून जास्त वाढवला.

फटका कुणाला?

डिसेंबर २०२३ च्या बंदीआधी लासलगावात क्विंटलला ४ हजारांच्या घरात असलेला दर काही आठवड्यांत जवळपास निम्म्यावर आला. निर्यातीचा माल देशातच फिरायला लागला की दर फक्त नाशिकमध्ये पडत नाही. बेळगावच्या मार्केट यार्डात महाराष्ट्राचाही कांदा येतो आणि उत्तर कर्नाटकचाही. दोघांची पट्टी एकदमच खाली येते. ग्राहकाला दोन महिने स्वस्त कांदा मिळतो. शेतकऱ्याचं गिऱ्हाईक मात्र कायमचं तुटतं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांनी गमावल्या, त्यामागे कांद्याचा रोष असल्याची चर्चा सर्वच पक्षांत झाली.

मग मार्ग कोणता?

मार्ग टेबलावर आला होता. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत दोन्ही देशांच्या वाणिज्य मंत्र्यांची बैठक झाली. गहू, तांदूळ, साखर, कांदा अशा वस्तूंसाठी वर्षाचा ठरावीक कोटा द्या, अशी मागणी बांगलादेशने त्या वेळी केली. अमुक टन माल काही झालं तरी मिळणार, अशी ती हमी होती. तो कोटा प्रत्यक्षात आला नाही आणि वर्षभरात बंदी आली.

कोट्यात आपलाही फायदा होता. किती माल बाहेर जाणार हे आधी ठाऊक असतं, तर शेतकऱ्याला लागवडीचा आणि चाळीचा अंदाज बांधता आला असता, व्यापाऱ्याला सौदा करता आला असता. पुढे बोलणी होतील तेव्हा शुल्क किती, यापेक्षा शब्द पाळणार का, हाच प्रश्न ढाक्याकडून पहिला येईल. शुल्क एका अधिसूचनेने शून्य होतं, पण मोडलेला शब्द जोडायला बरेच हंगाम जातात.