चार किलोंचें अंतर

जत्रेच्या फडांत मल्लाला कोणी तराजूवर उभें करीत नाहीं. पंच दोघांकडे एक नजर टाकतात, जोड ठरते, हलगी कडाडते. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. आंतरराष्ट्रीय कुस्तीचा मामला निराळा. तेथें पहिली झुंज वजनकाट्याशीं असते, आणि ती किती महाग पडूं शकते हें बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे यांच्या कारकीर्दीवरून ध्यानांत येतें.

वडील बाळासाहेब हे स्वतः कुस्तीगीर; त्यामुळें लाल मातीची ओळख घरांतच झाली. पुढें पुण्यांत रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांनीं त्यांना घडविलें. २०११ सालीं बिराजदार निवर्तले. त्यानंतरचा सराव काका पवार यांच्या संकुलांत झाला.

मातीवरून गादीवर येणें म्हणजे केवळ जागा बदलणें नव्हे. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या, आणि प्रत्येक पकडीचा हिशेब गुणांत. दहा गुणांची आघाडी झाली कीं लढत तेथेंच संपते. सावकाश दमविण्याची जुनी रीत येथें फारशी चालत नाहीं. आवारे यांनीं ही घाई आत्मसात केली. २०१८ सालीं गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशी यांना १५-७ असें हरवून त्यांनीं ५७ किलो गटाचें सुवर्णपदक जिंकलें.

आतां काट्याची गोष्ट. त्या काळीं पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीचे जागतिक स्पर्धेंत दहा वजनगट होते. ऑलिंपिकमध्यें मात्र सहाच. तेथें ५७ नंतर एकदम ६५! मधला ६१ चा गट गळालेला. ज्याचा पिंडच ६१ किलोंचा, त्यानें एक तर चार किलो उतरवावे, नाहीं तर आपल्याहून भारी गड्यांशीं भिडावें. चार किलो म्हणजे एक बेताचें कलिंगड. पण चरबी नसलेल्या देहांतून तें काढावयाचें कोठून? पूर्वी वजन आदल्या सायंकाळीं होई, रात्रभर खाऊन-पिऊन अंगांत बळ आणतां येई. २०१८ पासून तें लढतीच्याच सकाळीं होऊं लागलें आणि ती सवड गेली.

५७ किलोंच्याच गटांत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक मिळविलें होतें. आवारे यांच्या वाट्याला तो आखाडा आला नाहीं. २०१६ सालीं रिओसाठीं त्या गटाची जागा संदीप तोमर यांना मिळाली. २०१९ सालीं नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेंत आवारे ६१ किलोंत उतरले आणि अमेरिकेच्या टायलर ग्राफ यांच्यावर ११-४ अशी मात करून कांस्यपदकाचे मानकरी ठरले. त्या स्पर्धेंत भारताला पांच पदकें लाभलीं. इतर चौघांना पदकाबरोबर टोकियो ऑलिंपिकचा प्रवेशही मिळाला, कारण त्यांचे गट तेथें होते; आवारे यांचा नव्हता. जगांतल्या पहिल्या चौघांत गणल्या गेलेल्या मल्लाला दारच नसावें, हा हिशेब काट्याला पटत असेल, तालमीला पटणें कठीण. ५७ किलोंची जागा रवी दहिया यांनीं घेतली व २०२१ सालीं टोकियोंत रौप्यपदक मिळविलें.

आवारे यांना २०२० सालीं अर्जुन पुरस्कार लाभला; महाराष्ट्र पोलिस दलांत ते उपअधीक्षक झाले. त्याच वर्षीं दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत त्यांनीं आणखी एक कांस्यपदक जिंकलें. गट अर्थात् ६१ किलोंचा.