राष्ट्रपतिपदाची पक्षीय उमेदवारी

राजकीय पक्षाने या पदासाठी आपला अधिकृत उमेदवार ठरविण्याची प्रक्रिया. अमेरिकेत ती प्रतिनिधींच्या राष्ट्रीय अधिवेशनात पार पडते. १९२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला त्यासाठी १०३ वेळा मतदान घ्यावे लागले. १९७० नंतर मात्र प्राथमिक निवडणुका निर्णायक ठरून अधिवेशन बव्हंशी औपचारिक उरले. भारतात हा निर्णय मोजके पक्षश्रेष्ठी घेतात. जुलै १९६९ मध्ये बंगलोर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांना बहुमताने उमेदवारी दिली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा त्यांस विरोध होता. देवराष्ट्रे (आता सांगली जिल्हा) येथे जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे मत मात्र रेड्डींना मिळाले. पुढे इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदानाचे आवाहन केले. ऑगस्टमध्ये अपक्ष व्ही. व्ही. गिरी विजयी झाले. मंडळाचे बहुमत खुद्द पक्षालाही बांधून ठेवू शकले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेस दुभंगली आणि चव्हाण इंदिरा गांधींच्या पक्षात राहिले.