चेंडू दिला, पुढे काय?

फुटबॉल हा फारच अल्पखर्ची सांघिक खेळ आहे. क्रिकेटला बॅट हवी, यष्ट्या हव्यात, पॅड हवेत. टेनिसला रॅकेट आणि आखलेले कोर्ट हवे. फुटबॉलला एक चेंडू आणि थोडी मोकळी जागा मिळाली की झाले. दोन बाजूंना दोन-दोन दगड मांडले की गोल तयार होतो, आणि अनवाणी पायांनीही खेळ रंगतो. चेंडूदेखील विकतचाच हवा असे नाही. केनियातील मुले प्लॅस्टिकच्या जुन्या पिशव्यांचा गोळा करून तो सुतळीने घट्ट बांधतात आणि त्याच्याशी तासन्‌तास खेळतात. जगातील मोठमोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांतून हा खेळ एवढा रुजला, त्याचे एक मोठे कारण हेच होय.

यावरून कोणासही सहज असे वाटेल की, अशा वस्तीतील मुलांना साहाय्य करावयाचे तर त्यांना एक चांगला चेंडू नेऊन द्यावा, म्हणजे आपले कर्तव्य संपले. ही समजूत कितपत खरी आहे, हे प्रस्तुत लेखात आम्ही पाहणार आहोत. त्यासाठी आपल्या नागपूरचे, आफ्रिकेतील नैरोबीचे आणि दक्षिण अमेरिकेतील मेदेयीनचे अशी तीन शहरांची उदाहरणे घेऊ.

प्रथम शहरातील गरीब मुलाची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. खेड्यातील मूल कितीही गरीब असले, तरी त्याला नदीचा काठ असतो, गावाबाहेरचे माळरान असते. शहरातील झोपडपट्टीत घराला घर चिकटलेले. दोन घरांमधून वाहते ते गटार, आणि वस्ती संपते तेथे भरधाव वाहनांचा रस्ता सुरू होतो. मोकळी जागा उरलीच तर तेथे कचऱ्याचे ढीग पडतात. शिवाय मुलाचा वेळही त्याचा स्वतःचा नसतो. नळावर पाण्यासाठी रांग धरावयाची, आईवडील कामावर गेले की धाकट्या भावंडांना सांभाळावयाचे, आणि पुष्कळदा चार पैसे मिळवावयासही जावयाचे. मुलींच्या वाट्याला तर ही कामे अधिकच येतात. एवढ्यातून खेळ सुरू झालाच, तरी निवाडा करणारे वडीलधारे माणूस तेथे नसते. मग चेंडू ज्याच्या हातात, त्याचे राज्य! थोराड पोरे खेळतात आणि लहानगी कडेला उभी राहून पाहतात. चेंडू फाटला की खेळही संपतो. तात्पर्य, या मुलांना खेळण्याची हौस कमी नसते. त्यांना जे मिळत नाही ते जागा, वेळ आणि व्यवस्था हे होय.

आता नागपूरकडे वळू. तेथील हिस्लॉप महाविद्यालयात श्री. विजय बारसे हे शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते. २००१च्या सुमारास एका पावसाळी दिवशी त्यांना झोपडपट्टीतील काही मुले एक मोडकी बादली लाथाडीत खेळत असलेली दिसली. बारसे यांनी त्यांना चेंडू दिला. पुष्कळांची गोष्ट येथेच संपली असती. परंतु खेळात गढून गेलेली ही मुले तेवढा वेळ तरी वाईट संगतीपासून दूर राहतात, ही गोष्ट त्यांच्यातील शिक्षकाने हेरली, आणि केवळ झोपडपट्टीतील मुलांसाठी त्यांनी फुटबॉलची स्पर्धा भरविली. शहरातील वस्त्यावस्त्यांतून शंभराहून अधिक संघ त्या स्पर्धेसाठी उभे राहिले. अंगावर एकसारखा पोशाख नाही, पायांत बूट नाहीत, पण संघ मात्र तयार! ‘झोपडपट्टी फुटबॉल’ या साध्या नावाने सुरू झालेले हे कार्य पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने देशभर पोचले. सेवानिवृत्त झाल्यावर बारसे यांनी आपल्या पैशांतून नागपूरजवळ या कामासाठी जागा घेतली. त्यांचे चिरंजीवही परदेशातील नोकरी सोडून या कामात आले.

या संस्थेच्या कामाची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. येथे फुटबॉल हे साध्य नसून साधन आहे. चेंडूचे खेळ खेळता खेळता मुलांना गणित, आरोग्याचे नियम आणि संघभावना शिकविली जाते. मुलींसाठी आणि कर्णबधिर मुलांसाठी वेगळे उपक्रम आहेत. जी मुले येथे खेळून मोठी होतात, त्यांतीलच काही पुढे शिक्षक होऊन धाकट्यांना शिकवितात. २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ या शहरी बेघरांची जागतिक फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. तिच्यात दोन्ही बाजूंस चार-चारच खेळाडू असतात, सामना अवघ्या चौदा मिनिटांचा असतो, आणि कोणाही खेळाडूस आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. ही शेवटची अट विचारपूर्वक घातलेली आहे. संधी एकाच्याच हाती न राहता दरवर्षी नव्या माणसास मिळावी, हा तिचा हेतू होय. या स्पर्धेसाठी भारताचा संघ निवडून पाठविण्याचे काम नागपूरच्या या संस्थेने केले. २०१६ साली फुटबॉलच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिफा’ने, आपला विविधतेचा पुरस्कार तिला दिला, आणि २०२२ साली श्री. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे बारसे यांचे कार्य घरोघर पोचले.

नैरोबीची कथा याहून थोडी जुनी आहे, आणि तिच्यातील नियम तर फारच शिकण्यासारखे आहेत. नैरोबी ही केनियाची राजधानी. तेथे माथारे नदीच्या खोऱ्यात मातीच्या भिंतींच्या आणि पत्र्याच्या घरांची अफाट वस्ती पसरलेली आहे. १९८७ साली बॉब मन्रो नावाच्या एका कॅनेडियन गृहस्थांनी तेथील मुलांसाठी ‘माथारे युवक क्रीडा संघटना’ स्थापिली. मुलांना खेळावयास साहाय्य हवे होते. मन्रो यांनी ते देऊ केले, पण एका अटीवर. तुम्ही काही कराल तर आम्ही काही करू. तुम्ही काहीच केले नाही, तर आम्हीही काही करणार नाही, असा त्या अटीचा आशय होता.

ही अट ऐकावयास कठोर वाटते. परंतु तिचा परिणाम पाहा. माथारेत कचरा उचलावयास गाड्या येत नसत. गटारे तुंबत, रोगराई पसरे. संघटनेने असा नियम केला की, प्रत्येक संघाने आपल्या भागातील कचरा आणि गटारे साफ करावीत, आणि त्या कामाचे गुण साखळी सामन्यांच्या गुणांत मिळवावेत. म्हणजे मैदानावर जिंकलेला, पण सफाईस न आलेला संघ तक्त्यावर मागे पडे! खेळाचे गुण आणि सार्वजनिक कामाचे गुण एकाच तक्त्यावर मांडण्याची ही कल्पना साधी असली तरी विलक्षण परिणामकारक ठरली. हातात फावडी आणि घमेली घेतलेली मुले पाहून वस्तीतील लोकांचीही त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. उनाड पोरे म्हणून ज्यांना हाकलून देत, तीच मुले आता वस्तीच्या उपयोगी पडू लागली.

संघटनेचा कारभारही मुलांच्याच हाती राहिला. विभागवार समित्या, सामन्यांचे वेळापत्रक, पंचांची नेमणूक ही सारी कामे निवडून दिलेली कुमार आणि तरुण मंडळी पाहू लागली. जो या कामात झटेल त्याला बक्षीस मिळे ते शाळेच्या फीच्या रूपाने, आणि ते पैसे थेट शाळेकडे जात. मैदानावरील शिस्तीचा विचारही असाच अभिनव होता. चूक करणाऱ्यास पिवळे आणि लाल कार्ड दाखवितात, हे आपण जाणतोच. माथारेत यांच्या जोडीला हिरवे कार्डही आले, आणि ते उत्तम खिलाडूवृत्ती दाखविणाऱ्यास देण्यात येऊ लागले. पंचांशी हुज्जत घालून बाहेर गेलेल्या खेळाडूस पुन्हा खेळण्यापूर्वी लहानांच्या सामन्यांत स्वतः पंच म्हणून उभे राहावे लागे. शिट्टी स्वतःच्या तोंडात आली म्हणजे पंचाचे काम किती अवघड असते ते कळते. त्यासाठी निराळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

१९९२ साली मुलींचे संघ सुरू झाले. घरकामातून मुलगी खेळावयास कशी येणार, हा प्रश्न तेथेही होताच. १९९४ साली संघटनेतून ‘माथारे युनायटेड’ हा प्रौढांचा संघ निघाला, आणि २००८ साली त्याने केनियाच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळविले. विशेष हे की, या नामांकित खेळाडूंनाही वस्तीसाठी ठरावीक तास काम करावे लागे. ज्या मातीतून झाड वाढले, त्या मातीला त्याने सावली द्यावयाची, असाच हा संकेत होता.

माथारेत उणीव होती ती साधनांची. मेदेयीनमध्ये उणीव होती ती शांततेची. कोलंबियातील हे शहर त्या काळी टोळ्यांच्या हिंसाचाराने पोखरलेले होते. १९९४च्या विश्वचषक स्पर्धेत कोलंबियाचा खेळाडू आंद्रेस एस्कोबार याच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच संघाच्या गोलात गेला. कोलंबिया सामना हरला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. एस्कोबार मायदेशी परतल्यावर थोड्याच दिवसांत, २ जुलै १९९४ रोजी, मेदेयीन येथे गोळ्या घालून त्याची हत्या करण्यात आली. खेळातील एका चुकीसाठी माणसाचा प्राण जावा, या गोष्टीने जग हादरले.

तेव्हा मेदेयीनमध्ये राहत असलेल्या युर्गेन ग्रीसबेक या जर्मन गृहस्थाच्या मनास ही घटना फार लागली. १९९६ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेथील वस्त्यांतून निराळ्याच नियमांचा फुटबॉल सुरू केला. या खेळात मुलगे आणि मुली एकाच संघात खेळतात, आणि संघाचा पहिला गोल मुलीने केल्यावाचून पुढील गोल धरीत नाहीत. साहजिकच, मुलीकडे चेंडू न देणारा संघ हरतो! येथे पंच नसतो. सामन्यापूर्वी दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवितात, मग खेळतात, आणि शेवटी पुन्हा बसून, नियम कोणी किती पाळले याची चर्चा करून गुण ठरवितात. त्यामुळे या सामन्याचे दोन नव्हे, तीन भाग मानले जातात. भांडण शब्दांनी मिटविता येते, याचा पाठ मुलांना येथे प्रत्यक्ष अनुभवातून मिळतो. ही पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली.

या तिन्ही उदाहरणांतून आम्हांस जे दिसते ते असे. पहिली गोष्ट म्हणजे सातत्य. एक दिवसाची स्पर्धा आणि पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस यांनी मुलाचे आयुष्य बदलत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी मैदानावर कोणीतरी आपली वाट पाहत आहे, या खात्रीने बदलते. दुसरी गोष्ट म्हणजे मार्गदर्शक. आमच्या हैदराबादलाही याचा अनुभव आहे. ज्यांच्या शिक्षणाखाली भारताने १९५१ आणि १९६२ या वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, आणि १९५६ साली मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकाविला, ते सय्यद अब्दुल रहीम याच शहरातील एक शाळामास्तर होते. सिकंदराबादेजवळील अम्मुगुडा येथील गरीब घरातून आलेला तुलसीदास बलराम त्यांच्याच संघातून खेळला. रहीम आणि बारसे हे दोघेही मुळात शिक्षकच, हा केवळ योगायोग नव्हे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जबाबदारी. ज्याला सदैव घेण्याचीच सवय लावली, तो मुलगा मनाने दुबळा राहतो. ज्याच्याकडून आपण काही मागतो, त्याला आपण काही देण्यास समर्थ मानतो. माथारेतील अटीचे मर्म हेच होय. ती दया नव्हती. तो विश्वास होता.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ‘खेळा, म्हणजे तुम्ही मोठे खेळाडू व्हाल’ असे आमिष या मुलांना दाखविणे योग्य नव्हे. हजारांतून एखादाच नामांकित होतो. उरलेल्यांच्या पदरी निराशा येते. म्हणून अशा कार्याचे यश चषकांच्या संख्येवरून मोजू नये. किती मुले शाळेत टिकली, किती मुली मैदानावर आल्या, किती जण पुढे धाकट्यांना शिकवू लागले, हे पाहावे. फुटबॉलने भूक भागत नाही, घराचे छप्परही गळावयाचे थांबत नाही. ती कामे समाजाने आणि शासनाने करावयाचीच आहेत. खेळाचे निमित्त करून ती टाळता येणार नाहीत.

मग आपल्यासारख्यांनी काय करावे? पुष्कळ शाळांची मैदाने सायंकाळनंतर आणि सुट्टीच्या दिवशी रिकामी असतात, आणि त्यांच्या कुंपणापलीकडे मुले रस्त्यावर खेळत असतात. आठवड्यातून दोन सायंकाळ ते फाटक उघडता येईल. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना पंचाचे काम शिकता येईल, सामन्यांचा तक्ता लिहिता येईल, खेळानंतर अर्धा तास लहानांचा अभ्यास घेता येईल. पालकांपैकी कोणी जुने बूट दुरुस्त करून देतील, कोणी मुलींना घरी सुखरूप पोचविण्याची जबाबदारी घेतील. वस्तीतील मुलांनीही मैदान झाडावे, पाणी मारावे, रेषा आखाव्यात. आणि आपल्या मुलांनी त्यांच्या बरोबरीने हे काम करावे. संघ पाडताना शाळेचा संघ एकीकडे आणि वस्तीचा दुसरीकडे असे न करता दोन्हींकडील मुले मिसळून घ्यावीत.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. एक शिट्टी, चार चेंडू, चुन्याची एक पिशवी, आणि पावसाळ्यातही न चुकता येणारी दोन माणसे एवढे असले की आरंभ करता येतो. यांपैकी पहिल्या तीन वस्तू बाजारात मिळतात. चौथी मात्र आपल्यातूनच निघावयास हवी.