भाज्याला दुपारनंतर जा

पुण्यात बाहेरगावचा पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी चहाबरोबर प्रश्न येतोच : "एक दिवस मोकळा आहे, काय बघू?" मग घरातला प्रत्येक जण यादी देतो. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, पर्वती, संध्याकाळी लक्ष्मी रोड. कुणीतरी "लोणावळा करून या ना" म्हणतं, आणि पाहुणा भुशी धरणावर माणसांची डोकी मोजून, चिक्कीचे चार पुडे घेऊन परत येतो. माझी यादी एका ओळीची आहे. सकाळची लोकल धरा, मळवलीला उतरा, भाज्याची लेणी बघा. फक्त लेण्यात पाय ठेवाल तो दुपारी तीननंतर.

ही वेळेची अट मला पुस्तकातून कळलेली नाही. सात-आठ वेळा चुकीच्या वेळी जाऊन कळली आहे. आपण सगळे लेणी सकाळी बघतो आणि मग अंगात जोर उरला तर वर लोहगडाकडे निघतो. सकाळी दहाला भाज्याच्या चैत्यगृहात शिरलात तर समोर एक मोठी सावली असते. खांब करडे, स्तूप करडा, आणि वरच्या लाकडी फासळ्या तर दिसतही नाहीत. दोन फोटो निघतात, तेही काळपट. कारण साधं आहे. ही लेणी विसापूरच्या डोंगराला पश्चिमेकडे तोंड करून कोरलेली आहेत. सूर्य डोंगराच्या पाठीमागून वर येतो, त्यामुळे सकाळभर कातळ सावलीत. दुपार कलली की ऊन समोरून थेट आत येतं आणि तोच चैत्य पिवळा होतो. कार्ल्याचंही तोंड पश्चिमेलाच आहे. बेडसं मात्र पूर्वाभिमुख आहे, म्हणून तिथे सकाळी लवकर जावं. तिन्ही लेणी एका दिवसात उरकणाऱ्यांना हात जोडून सांगतो : उरकू नका. पण उरकायचीच असतील तर बेडसं आधी आणि भाजे शेवटी, एवढं तरी पाळा.

तर दिवसाची सुरुवात लोकलपासून. पुणे–लोणावळा मार्गावर मळवली हे लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन. शक्य तितकी लवकरची गाडी घ्यावी, कारण दुपारी या मार्गावर गाड्यांच्या वेळांत मोठी फट पडते आणि तिथे अडकलात की दिवस गेला. पुण्याहून जाताना डाव्या हाताची खिडकी धरा. कामशेत सुटलं की त्या बाजूला दोन किल्ले जोडीने उभे राहतात : विसापूरचा सपाट, रुंद माथा आणि शेजारी लोहगड, ज्याची एक सोंड पुढे निघालेली आहे. तो विंचूकाटा. उजव्या खिडकीत, रुळांच्या उत्तरेला, कार्ल्याचा डोंगर. मधून इंद्रायणी वाहते. देहू-आळंदीची तीच इंद्रायणी, इथे अजून लहान.

गाडीने येणाऱ्यांची इथे गंमत होते. पुणे–मुंबई द्रुतगती महामार्ग स्टेशन आणि भाजे गाव यांच्या मधूनच जातो, पण त्यावरून गावात उतरायला वाट नाही. जुन्या महामार्गाने कार्ला फाट्यावर येऊन मळवलीकडे वळावं लागतं. पायी येणारा मात्र स्टेशनातून निघून पुलावरून महामार्ग ओलांडतो. खाली गाड्या सुसाट, वर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, असं चित्र दिवाळीनंतर हमखास दिसतं.

गावात शिरल्यावर करायचं पहिलं काम म्हणजे जेवण सांगून ठेवणं. भाज्यात घरगुती जेवण देणारी घरं आहेत. "ताई, दोन वाजता चार माणसं" एवढं वर जाताना सांगितलं की उतरेपर्यंत पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा भात तयार असतो. न सांगता दुपारी टपकलात तर मिळेल ते खावं लागेल, आणि मिळेल ते म्हणजे बहुधा भजी. (भाज्यात भजी, हा विनोद करून झाला असेल तर पुढे चला. गावाने तो खूप वेळा ऐकलेला आहे.)

सकाळ किल्ल्यासाठी. गावातून वाट चढत गायमुख खिंडीत जाते. खिंडीत पोचलं की डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. स्टेशनापासून लोहगडाच्या पायथ्याशी रमतगमत दोन-अडीच तास लागतात. पहिल्यांदा येणाऱ्याने सरळ लोहगड निवडावा. पायऱ्या चांगल्या आहेत, आणि गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक येतात. त्यांची वळणं अशी बांधली आहेत की वर चढणारा माणूस सतत कुणाच्या तरी माऱ्यात राहतो. वरून खाली पाहिलं की हे लगेच उमगतं. १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत लोहगड होता. १६७०मध्ये तो परत स्वराज्यात आला. पुढे पेशवाईत नाना फडणविसांनी इथे तळं बांधलं. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची मालिका युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात लोहगड आहे. तेव्हापासून रविवारी विंचूकाट्यावर रांग लागते, म्हणून शक्य असेल तर मधला वार काढा.

विसापूर मला जास्त आवडतो, पण पहिल्या भेटीला सुचवत नाही. माथा अफाट, तटबंदी लांबलचक, माणसं कमी. भाज्याच्या बाजूने ओढ्यातून जाणारी वाट पावसात निसरडी होते, आणि धुकं उतरलं की वरच्या पठारावर दिशाच कळत नाही. वाट चुकलेल्यांना शोधायला लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'ची मुलं रात्री-अपरात्री निघतात. त्यांची झोप मोडू नये असं वाटत असेल तर गावातला माणूस बरोबर घ्या. १८१८च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगड पडला. विसापूर उंचीने जास्त आहे. त्याच्या माथ्यावरून लोहगड कसा उघडा दिसतो ते पाहिलं की हा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

दोन वाजता जेवण, जरा पाठ टेकणं, आणि तीनला लेण्यांच्या पायऱ्या. पुरातत्त्व खात्याचं तिकीट घेऊन पंधरा-वीस मिनिटांची चढण आहे. वर पोचल्यावर धापा टाकत लगेच आत शिरू नका. बाहेरच्या अंगणात उभे राहून आधी समोरची कमान बघा.

ही भाज्याची सगळ्यात मोठी गंमत : तिला दर्शनी भिंतच नाही. घोड्याच्या नालासारखी अख्खी कमान उघडी आहे. मुळात तिथे लाकडाचा दर्शनी भाग होता. तो बसवण्यासाठी दगडात केलेल्या खाचा आणि भोकं अजून दिसतात. दोन हजारांहून अधिक वर्षांत ते लाकूड गेलं, म्हणून आज ऊन सरळ स्तूपापर्यंत पोचतं. कार्ल्याला समोर कोरीव भिंत आहे, तिथे ऊन वरच्या गवाक्षातून गाळून येतं. तिथला दिमाख मोठाच, कार्ल्याचं चैत्यगृह भारतातल्या कोरीव चैत्यांत सर्वांत मोठं. पण तो दिमाख आहे. भाज्यात शिरलं की एखाद्या मोठ्या लाकडी घरात आल्यासारखं वाटतं.

आणि ते तसंच वाटावं अशी योजना आहे. भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं मानतात, म्हणजे सह्याद्रीतल्या अगदी आरंभीच्या लेण्यांपैकी. तोवर मोठ्या इमारती लाकडाच्या असत. दगडावर हात चालवणाऱ्यांना सुताराचंच काम माहीत होतं, तेच त्यांनी कातळात उतरवलं. आतले २७ अष्टकोनी खांब नीट निरखा. ते सरळ उभे नाहीत, आत कललेले आहेत. लाकडी मांडवात छपराचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते आत झुकवून रोवतो. कातळात कोरलेल्या खांबाला त्याची काही गरज नाही, कारण तो छप्पर पेलतच नाही. तरीही तो झुकतो, सवयीने. वर पाहिलं तर छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या आहेत. त्याही काही पेलत नाहीत. यातलं बरंचसं लाकूड मूळचं आहे असं अभ्यासक मानतात. त्यावर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत. चारच्या सुमारास ऊन त्या फासळ्यांना भिडतं आणि प्रत्येकीची सावली वेगळी पडते. सकाळच्या भेटीत हेच चुकतं.

बाहेर येऊन वर बघा : कमानीच्या आजूबाजूला दगडात सज्जे कोरले आहेत आणि त्यातून काही स्त्री-पुरुष खाली डोकावत आहेत. चाळीच्या गॅलरीतून बघावं तसं.

एकूण लेणी २२. बाकीचे विहार म्हणजे भिक्षूंच्या खोल्या, दगडी बाक, दारांवर कोरलेल्या छोट्या कमानी. घाईत असाल तर त्यातले बरेच ओलांडून जा, पण शिलालेखांपाशी थांबा. एका विहाराच्या दारावर दान देणाऱ्या बाईची ओळख कोरली आहे : हालिकाची, म्हणजे नांगर धरणाऱ्याची बायको. पाण्याच्या एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत विण्हुदत याचं दान नोंदलेलं आहे. टाक्याला तिथे शब्द आहे 'पोढी'. कार्ल्याच्या लेखांत शेठ आणि लांबलांबचे व्यापारी भेटतात, कारण बोरघाटाने कोकणातल्या बंदरांचा माल इथूनच देशावर चढत असे. भाज्यात त्याच रस्त्याच्या कडेला राहणारी शेतकऱ्याची बायको भेटते. मला तिच्या चार शब्दांपुढे अख्खा विंचूकाटा फिका वाटतो.

चैत्याकडे तोंड करून उजवीकडे चालत गेलं की स्तूपांचा घोळका लागतो. चौदा स्तूप, काही छताखाली, बाकीचे उघड्यावर. ही इथे राहून गेलेल्या भिक्षूंची स्मारकं. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन ही त्यांतली वाचता आलेली नावं. इथे माणसं स्तूपांना टेकून फोटो काढतात. स्मशानात टेकत नाही आपण कशाला. इथेही टेकू नये.

त्याच्याही पुढे, अगदी टोकाला, सूर्यलेणं. पडवीच्या टोकाला, एका दाराच्या दोन्ही अंगांना दोन शिल्पपट आहेत. एकात चार घोड्यांच्या रथात उभा पुरुष, बाजूला छत्र-चवरी धरलेल्या दोन स्त्रिया, आणि चाकाखाली पसरलेली अवाढव्य राक्षसी शरीरं. दुसऱ्यात हत्तीवर बसलेला राजा, हत्तीने सोंडेत झाड उपटून धरलेलं. सूर्य आणि इंद्र, असं सगळे सांगतात आणि बोर्डही तेच सांगतो. काही अभ्यासकांनी मात्र यात बौद्ध कथांमधल्या मांधाता राजाची गोष्ट पाहिली आहे. वाद मिटलेला नाही. तुम्ही दोन्ही मनात धरून बघा. खालच्या कोपऱ्यात दरबार आहे, नाचणारी स्त्री आहे. याच लेण्यात एक स्त्री दोन तालवाद्यं वाजवताना दिसते. "तबल्याचा जन्म इथला" असं त्यावरून ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. माझं मत असं की ती दोन वाद्यं एकत्र वाजवते आहे आणि मन लावून वाजवते आहे, एवढं दिसतं. तबल्याचा जन्मदाखला तिच्या हातात दिसत नाही.

याच टोकाशी पावसाळ्यात मोठा धबधबा कोसळतो, आणि भाज्याला येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्याच्यासाठीच येतात. जून ते सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी मळवलीकडे येणारा रस्ता कोंडतो, आणि धोकादायक ठिकाणी प्रशासनाला बंदी घालावी लागते. ती मोडू नका. इथला ओढा वर विसापूरच्या माथ्यावर पडलेलं पाणी घेऊन येतो. खाली भुरभुर असली तरी वर मुसळधार असू शकते, आणि पाणी काही मिनिटांत चढतं. ३० जून २०२४ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते असंच चढलेलं पाणी होतं.

म्हणून मी पाहुण्यांना दिवाळीनंतर पाठवतो. हवा स्वच्छ, गवत सोनेरी, धबधबा आटलेला, गर्दी ओसरलेली, आणि खाचरांतलं भात कापून खळ्यावर आलेलं. हा तांदूळ म्हणजे इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढलेला, १९८७मध्ये प्रसारित झालेला. आंबेमोहोराचा वास आणि आयआर-८चं उत्पादन, असा तो हिशेब. आज तो मावळची ओळख आहे. चिक्की पुण्यातही मिळते, तेव्हा पिशवीत जागा ठेवून गावातून पाच किलो तांदूळ घ्या. जेवण केलेल्या घरीच विचारा. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, म्हणून गेल्या वर्षाचा शिल्लक आहे का तेही विचारा. असला तर भाव थोडा जास्त सांगतील, घासाघीस करू नका.

पाचच्या सुमारास चौकीदार सगळ्यांना खाली उतरायला सांगू लागतो. लेण्यापासून मळवली स्टेशन पाऊण तासाच्या वाटेवर आहे, आणि तांदळाची पिशवी असेल तर एक तास धरा. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा.