मधुमेही गृहिणीचे पथ्य आणि घरचे पान

मधुमेह हा एका व्यक्तीस जडणारा विकार असला, तरी त्याचे पथ्य एकट्याने पाळण्यासारखे नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना हा विकार आहे. त्यांपैकी अनेक गृहिणी आहेत. सर्वांसाठी रांधावयाचे, सर्वांच्या मागून जेवावयाचे आणि उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून आपल्याच पानात वाढून घ्यावयाचे, हा त्यांचा परिपाठ. अशा घरी पतीने काय करावयास हवे, याचा विचार येथे केला आहे.

अन्नातील पिष्टमय पदार्थांचे पचनानंतर ग्लुकोज या शर्करेत रूपांतर होते व ती रक्तात उतरते. ती पेशींत पोहोचण्यास स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन साहाय्य करते. प्रौढांत बहुधा आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावतो आणि त्याचा स्रावही अपुरा पडू लागतो. तेव्हा केवळ चहातील साखर सोडल्याने पथ्य पुरे होत नाही. भात, पोळी, भाकरी व बटाटा यांतील पिष्टाचीही अखेर शर्कराच होते. गूळ वा मध चालतो, हा समजही भ्रामक होय.

म्हणून पदार्थ सरसकट वर्ज्य करण्यापेक्षा पानातील प्रमाण बदलणे श्रेयस्कर. पानाचा अर्धा भाग पालेभाजी, फळभाजी व कोशिंबीर यांनी व्यापावा. चौथा हिस्सा उसळ, घट्ट वरण, अंडी वा मासे यांस द्यावा. उरलेल्या हिश्शात भाकरी किंवा भात असावा. भात व भाकरी दोन्ही हवी असल्यास प्रत्येकीचे प्रमाण निम्मे करावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण वैद्यांना विचारूनच ठरवावे. असे पान निरोगी पतीसही हितकारक असल्याने निराळ्या स्वयंपाकाचे कारण उरत नाही.

उपवासाचा प्रश्न स्वतंत्र आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम पिष्ट असून प्रथिने नाममात्र असतात. एकादशीची खिचडी हा मधुमेही व्यक्तीस हलका आहार नव्हे.

याहून गंभीर प्रश्न वेळेचा आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतल्यावर जेवण लांबले, तर रक्तशर्करा डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम, कंप, धडधड व मनाचा गोंधळ ही तिची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी आणि १५ मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटे काहीही न देता रुग्णालय गाठावे. पिष्टाचे प्रमाण घटविल्यास औषधाची मात्राही बदलावी लागण्याचा संभव असतो. म्हणून उपवास वा आहारबदल करण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा.

सारांश, सर्वांच्या मागून जेवण्याची रीत अशा गृहिणीस प्रसंगी जिवावरची ठरू शकते. पतीने स्वतः दोन पाने घ्यावीत, दोन्हींत सारखेच वाढावे आणि ती बसल्यावाचून आपण घास घेऊ नये. पथ्याचा आरंभ येथून व्हावा.