‘अभियंता’ या पदनामाचे लिंग

‘अभियंता’ हे पदनाम व्याकरणदृष्ट्या पुल्लिंगी होय. ‘अभियंत्री’ हे शुद्ध रूप रूढ न झाल्याने ‘महिला’ हा शब्द मागे जोडावा लागतो. हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नव्हे. गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९४०च्या दशकात विद्युत् शाखेची पदवी घेणाऱ्या ए. ललिता यांच्या प्रमाणपत्रावरील छापील इंग्रजी पुल्लिंगी सर्वनाम खोडून तेथे स्त्रीलिंगी लिहावे लागले. पुढे १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांना स्पष्ट मज्जाव होता. सुधा कुलकर्णी (नंतरच्या मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटांना पत्र लिहून आक्षेप घेतला व त्यांची नेमणूक झाली. उघड निषेधाला उत्तर देता येते. गृहीत धरलेले पुल्लिंग मात्र स्त्री दाराशी येईपर्यंत कोणास जाणवतही नाही. म्हणून नियमांची भाषा आधीच तपासली पाहिजे.