बागेचा ताण, देहाचा ताण

शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदारास ‘ताण’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. आंबिया बहर धरायचा म्हणजे थंडीत बागेचे पाणी तोडायचे, झाड किंचित मलूल होऊ द्यायचे आणि योग्य वेळी खत घालून पुन्हा पाणी सुरू करायचे. मग झाड फुलते. ताण दिलाच नाही, तर नुसती पालवी फुटते. तो लांबला, तर फांद्या वाळतात. हलक्या जमिनीला थोडे दिवस, भारी जमिनीला अधिक. आपल्या देहाचा हिशेबही याहून फारसा वेगळा नाही.

या हिशेबाची पराकाष्ठा पाहायची असेल, तर ‘आयर्नमॅन’ या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनकडे पाहावे. 3.8 किलोमीटर पोहणे, लागलीच 180 किलोमीटर सायकल आणि त्यावर 42.2 किलोमीटर धावणे. सारे साधारणतः 17 तासांच्या आत. वरूडहून अमरावतीला जाऊन परत यावे, जवळपास एवढे तर सायकलीचेच अंतर. 1978 साली हवाई बेटांवर ही शर्यत प्रथम झाली, तेव्हा 15 जण उतरले आणि 12 जणांनी ती पूर्ण केली. आपल्या मराठी मुलखातील मिलिंद सोमण यांनी जुलै 2015 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे ती 15 तास 19 मिनिटांत पुरी केली.

तथापि, आपणास अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण जपानचे आहे. हिरोमु इनाडा यांनी आजारी पत्नीची शुश्रूषा करता यावी म्हणून साठीच्या सुमारास नोकरी सोडली. त्याच काळात स्वतःची प्रकृती राखण्यासाठी ते पोहू लागले. ट्रायथलॉन त्यांनी सत्तरीच्या आसपास सुरू केली. 2015 साली हवाईतील जागतिक स्पर्धेत अवघ्या काही सेकंदांनी त्यांची मुदत हुकली. ते खचले नाहीत. 2018 मध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी, त्यांनी तीच शर्यत मुदतीत पूर्ण केली. या साऱ्याचा आरंभ एका शुश्रूषा करणाऱ्या माणसाने स्वतःसाठी काढलेल्या थोड्या वेळात आहे, हे विसरू नये.

आपण इनाडा व्हावे, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. घ्यायचे ते तत्त्व. सरावाने स्नायूंवर ताण येतो. त्यानंतरच्या विश्रांतीत, आहारात आणि झोपेत ते बळकट होतात. उतारवयातही हे घडते. 1990 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातील, सरासरी 90 वर्षांच्या 10 दुर्बल व्यक्तींकडून 8 आठवडे पायांचे शक्तिवर्धक व्यायाम करून घेतले गेले. त्यांची पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. मात्र सराव थांबताच ती पुन्हा घटू लागली.

आता घरातील आजाऱ्याची काळजी वाहणाऱ्यांविषयी. रात्रीची जागरणे, औषधांच्या वेळा, उचलणे, अंघोळ घालणे; आपल्या वाट्याला ताण पुरेपूर येतो, परंतु पाणी सुरू करायचे राहूनच जाते. अशी बाग बहरत नाही, वाळते. 17 तास झुंजणाऱ्या स्पर्धकासही वाटेत पाणी आणि खाणे पुरवणारे हात लागतात. मग आपण एकट्याने वर्षानुवर्षे का धावावे? आठवड्यातील काही तास भाऊ, नणंद, सून, शेजारी यांच्याकडे निःसंकोचपणे सोपवावेत. तो वेळ रुग्णाकडून चोरलेला नसतो. त्याच्याचसाठी राखलेला असतो.

आरंभ लहान असावा. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून शक्यतो हातांचा आधार न घेता सावकाश उठावे आणि बसावे. प्रथम 5 वेळा, पुढे 10 वेळा. ओट्याला धरून क्षणभर एका पायावर उभे राहावे. जवळ कोणीतरी असावे. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढ्या वेगाने चालावे. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांसाठीही आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम, 2 दिवस शक्तिवर्धक व्यायाम आणि 3 दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. तेथवर हळूहळू पोहोचावे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात चालणे सूर्य वर येण्यापूर्वीच आटोपावे. हृदयविकार, मधुमेह वा रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखणे, धाप किंवा भोवळ आल्यास तत्काळ थांबून मदत घ्यावी.

आपली जमीन हलकी की भारी, हे आपणच ओळखावे. सोसेल तेवढाच ताण द्यावा आणि वेळेवर पाणी सुरू करण्यास चुकू नये.